तापातले घरचे काढे आणि चालू गोळ्या: कशाचं कशाशी पटत नाही?

पारिजातक
प्रश्न सासूबाईंचा आहे. वय सत्तरीच्या पुढे. साखरेसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, बीपीसाठी टेल्मिसार्टन-क्लोरथॅलिडोन, स्टेंट असल्यामुळे ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. गोळ्यांचा डबा बघितला की छोटं मेडिकल स्टोअर वाटतं.
गेल्या आठवड्यात ताप आला. पहिल्या दिवसापासून त्यांचा ठरलेला काढा सुरू: गुळवेल, सुंठ, मिरी, पिंपळी, तुळस, गवती चहा, आणि कडू लागतो म्हणून ज्येष्ठमधाच्या कांड्या. वर महासुदर्शन काढा बाटलीतला. तोंडाला चव नाही म्हणून जेवण जवळपास बंद, पेज दोन घोट. साखरेची गोळी मात्र वेळेवर, कारण "डॉक्टरांनी सांगितलंय गोळी चुकवायची नाही".
पहाटे दरदरून घाम, हात थरथरतायत, बोलणं असंबद्ध. आम्हाला वाटलं ताप उतरतोय. नवऱ्याने सहज मशीन लावलं तर साखर ५८. साखरपाणी पाजलं, पंधरा मिनिटांत माणसात आल्या.
दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही औषध घेताय का?" सासूबाई ठामपणे म्हणाल्या, "काही नाही." मी तिथेच उभी. बाहेर आल्यावर म्हटलं, आई, काढ्याचं का नाही सांगितलंत? तर म्हणे, "काढा काय औषध आहे का?"
ताप व्हायरल निघाला, आता बऱ्या आहेत. पण मला नीट समजून घ्यायचंय. साखर काढ्याने उतरली की उपाशी राहिल्याने? आणि या सगळ्या मुळ्या-पाल्यांचं त्यांच्या गोळ्यांशी काय नातं आहे? कृपया "आयुर्वेद विरुद्ध ॲलोपॅथी" हा शिमगा इथे नको, त्यासाठी शंभर धागे आहेत.

खाजणातला_काका
काढ्याने कोणी मेलेलं मी तरी पाहिलं नाही. आमच्या घरात चार पिढ्या किराईत पितात. गोळ्या कमी करा, काढा राहू द्या. :)

सायली_डोंबिवली
वाचनखूण साठवली आहे. आमच्याकडे सेम टू सेम सासरे.

औषधवाला
पारिजातक, मी फार्मासिस्ट आहे, नाशकात दुकान आहे. जमेल तेवढं सांगतो. निदान तुमच्या डॉक्टरांकडूनच.
साखर कशाने उतरली? मुख्य आरोपी ग्लिमेपिराइड आणि रिकामं पोट. ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवलात की नाही याच्याशी तिला देणंघेणं नसतं. गुळवेल आणि किराईत (महासुदर्शनात सगळ्यात जास्त तेच असतं) या दोघांतही साखर उतरवण्याचा गुण आहे. एरवी तो एवढा जाणवत नाही. पण उपास, ताप आणि गोळी यांच्यावर तोही येऊन बसला की तोल जातो. नुसता काढा किंवा नुसती गोळी असती तर कदाचित निभावलं असतं.
तापात जेवण बंद झालं तर साखरेच्या गोळीचं काय करायचं, हे डॉक्टरांना आधीच, धडधाकट असतानाच विचारून ठेवा. उलट्या-जुलाब असतील तर मेटफॉर्मिन, बीपीच्या काही गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांबद्दलही वेगळी सूचना असते. हे कोणी विचारत नाही आणि गर्दीत कोणी सांगतही नाही.
आता खरी गोम ज्येष्ठमधात आहे. तो गोड लागतो, निरुपद्रवी वाटतो, लहान मुलांनाही चघळायला देतात. त्यातलं ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातल्या एका एन्झाइमला अडवतं. त्यामुळे शरीरातलं नेहमीचं कॉर्टिसॉल मीठ धरून ठेवायचा हुकूम देत सुटतं. परिणाम असा की अंगात पाणी साठतं, बीपी चढतं आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. सासूबाईंच्या गोळीतलं क्लोरथॅलिडोनही पोटॅशियम घालवतंच. म्हणजे बीपीची गोळी एकीकडे ओढतेय, ज्येष्ठमध दुसरीकडे, आणि पोटॅशियम घालवायच्या कामात मात्र दोघांचं एकमत. दोन दिवस घशासाठी एखादी कांडी चघळली तर काही होत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ, आठवडेच्या आठवडे काढ्यात घातला तर पायात गोळे येणं, गळून जाणं, छातीत धडधड. हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर ज्येष्ठमध घरात आणूच नका, पोटॅशियम उतरलं की डिगॉक्सिन विषासारखं वागतं.
सुंठ, तुळस, लसूण, हळद यांचा रक्त गोठण्यावर थोडा परिणाम होतो. स्वयंपाकातल्या प्रमाणात विसरून जा. पण ॲस्पिरिन + क्लोपिडोग्रेलवाल्या माणसाने आल्याचा रस वाटीभर, वर हळदीच्या कॅप्सूल असं करू नये. हिरड्यातून रक्त, अंगावर कारण नसताना काळे-निळे डाग, शौचाला डांबरासारखं काळं झालं तर थांबायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं.
मिरी-पिंपळीवर नंतर लिहितो, गिऱ्हाईक आलंय.

चिकित्सक_चिकू
गुळवेल आणि यकृत याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईत यकृताला सूज आलेले सहा रुग्ण आढळले, सगळे गुळवेल घेणारे. २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वनस्पतीची ओळख पटवलेली नाही, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जात असू शकते. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांतून ४३ रुग्णांची माहिती आली. कावीळ, थकवा, आणि बऱ्याच जणांत शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच यकृतावर हल्ला केल्याची लक्षणं.
आता यावर पॅरासिटामोल. ५०० ची गोळी ठरल्याप्रमाणे घेतली तर अतिशय सुरक्षित औषध आहे. पण सर्दीच्या गोळीत पॅरासिटामोल, अंगदुखीच्या गोळीत पॅरासिटामोल, तापाच्या गोळीत तर आहेच. माणूस तीन नावांची पाकिटं घेतो आणि एकच औषध तिप्पट खातो. उपाशी आणि पिणारा असेल तर यकृताची ढाल आणखी पातळ. त्यात गुळवेलीचा रस. मग कावीळ झाली की कोणाला दोष द्यायचा हे डॉक्टरलाही ठरवता येत नाही, कारण त्याला रस घेतल्याचं माहीतच नसतं.

खाजणातला_काका
१४० कोटींत ४३. बसमधून पडून जास्त मरतात.

चिकित्सक_चिकू
काका, धोका दुर्मीळच आहे, मी कुठे नाही म्हणालो? पण तो कोणाला आहे ते बघा. थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार, संधिवात, ल्युपस असणाऱ्यांनी आणि ज्यांचं यकृत आधीच नाजूक आहे त्यांनी गुळवेल स्वतःच्या मनाने घेऊ नये, एवढंच. मूत्रपिंड बदललेल्या माणसाने तर मुळीच नाही. तो प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या घेतोय आणि आपण ती वाढवायला गुळवेल पाजायची?

वैद्य_सातपुडा
मी बीएएमएस, प्रॅक्टिस करतो. शिमगा नको म्हणालात म्हणून सभ्य शब्दांत लिहितो, पण आपलंच चुकतंय तिथे बोललं पाहिजे.
पहिली गोष्ट. तापाच्या पहिल्या दिवशी कडू-तुरट काढ्याची आटवलेली वाटी पाजा, असं आमचं शास्त्र सांगतच नाही. नवज्वरात, म्हणजे ताप ताजा असताना, आधी लंघन, हलकं, कोमट पाणी. चरकसंहितेत तहान-तापासाठी षडंगपानीय आहे: नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन, सुगंधी वाळा, सुंठ घालून उकळलेलं पाणी. ते पाणी आहे, काढा नव्हे. लॉकडाउनमध्ये घरोघरी जे मिरी-सुंठ-दालचिनीचं जाळ पेय दिवसातून चार वेळा चाललं होतं, त्याने किती जणांची तोंडं आली आणि मूळव्याध उठली ते मी पाहिलंय.
दुसरी. लंघन सगळ्यांसाठी नाही. म्हातारा, गर्भिणी, मूल, दुबळा माणूस यांना सरसकट उपाशी ठेवू नये हेही तिथेच लिहिलंय. आणि पोटात ग्लिमेपिराइड गेलेला माणूस लंघनाला बसवणं हा आमच्या ग्रंथांच्या काळात नसलेला प्रकार आहे, तिथे आताचंच डोकं वापरावं लागतं.
तिसरी, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची. काढ्यावर चर्चा चाललीय, पण त्रिभुवनकीर्ती रस कोणाच्या लक्षात नाही. तापासाठी दुकानातून चिठ्ठीशिवाय सर्रास नेला जाणारा हा रस. त्यात हिंगूळ आहे, म्हणजे पाऱ्याचं खनिज, आणि बचनाग आहे. बचनाग गोमूत्रात किंवा दुधात शुद्ध करून घेतात, त्याने त्याचं विष बरंच उतरतं, पण गुण तोच राहतो: नाडीवर आणि हृदयाच्या ठोक्यांवर काम करणं. म्हणूनच बचनाग, हिंगूळ वगैरे द्रव्यं कायद्याच्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहेत आणि लेबलवर वैद्यकीय देखरेखीखाली घ्या असं छापावं लागतं. कोण वाचतो? बीटा ब्लॉकरवर (ठोके मंदावणाऱ्या गोळीवर) असलेला, ठोके अनियमित असलेला, क्लोरोक्विन किंवा क्विनाइन चालू असलेला माणूस दोन गोळ्या मधातून चाटतो आणि चक्कर येऊन पडतो. जिभेला-ओठांना मुंग्या आल्या तर ती पहिली खूण समजा आणि ताबडतोब हॉस्पिटल गाठा.
रसौषधी (पारा-खनिजं घातलेली औषधं) आणि तुळशीचं पान यांना एकाच "आपलं आयुर्वेदिक" या पिशवीत कोंबू नका.

औषधवाला
वैद्यबुवा, जोरदार अनुमोदन. माझ्या दुकानात त्रिभुवनकीर्ती मागणाऱ्याला मी बीपी-हार्टचं विचारतो तर लोक चिडतात.
आता मिरी-पिंपळी. यातलं पिपेरिन आतड्यात आणि यकृतात औषधं मोडणाऱ्या यंत्रणेला मंदावतं. म्हणजे इतर औषध रक्तात जास्त पोचतं, जास्त वेळ राहतं. फिटच्या फेनिटॉइनचं, दम्याच्या थिओफायलिनचं, बीपीच्या प्रोप्रॅनोलॉलचं प्रमाण वाढल्याचं माणसांवरच्या अभ्यासांत दिसलंय. फेनिटॉइन आणि थिओफायलिन दोन्ही अशी की थोडं जास्त झालं तरी त्रास. चालताना झोकांड्या, डोळे लटपटणं, उलट्या, धडधड.
आणि हे काही परदेशी खूळ नाही. आपल्याकडे या गुणाचा उपयोग करून टीबीचं औषध काढलं. जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या कामातून आलेलं, रिसोरिन नावाचं: रिफॅम्पिसिन एरवी ४५० मिलिग्रॅम लागतं तिथे २००, आणि सोबत १० मिलिग्रॅम पिपेरिन. म्हणजे आपल्या त्रिकटूची (सुंठ-मिरी-पिंपळीची) ताकद औषध कंपनीने मोजून वापरली. आमच्या काढ्यात ती न मोजता पडते.

माळावरची_बाभूळ
रिसोरिनवरून विचारते. भाऊ टीबीच्या गोळ्यांवर आहे, सरकारी, दुसरा महिना. संध्याकाळी कणकण असते म्हणून आई गुळवेलीचा रस देते आणि मिरीचा काढा. बंद करू का?

औषधवाला
ताई, रस आजच बंद करा आणि उद्या टीबीच्या डॉक्टरांना सांगा. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड, तिन्ही यकृतावर भार टाकणारी. त्यात गुळवेल नकोच. रिसोरिन वाचून कोणी मिरी वाढवू नका, तिथे रिफॅम्पिसिनचा डोस त्या हिशोबाने कमी केलेला असतो. लघवी केशरी होणं रिफॅम्पिसिनचंच आहे, घाबरू नका. पण डोळे पिवळे, जेवणाची वासनाच जाणं, उलट्या, उजव्या बरगडीखाली दुखणं यातलं काही असेल तर उद्यापर्यंतही थांबू नका. टीबीच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. आणि दुसऱ्या महिन्यात अजून कणकण आहे हे डॉक्टरांना कळायलाच हवं, ते काढ्याने झाकायचं नाही.
जाता जाता: रिफॅम्पिसिन उलटं काम करतं, बाकीची औषधं भराभर मोडायला लावतं. साखरेच्या गोळ्या, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, गर्भनिरोधक गोळ्या कमी पडायला लागतात. घरात कोणी दोन्ही घेत असेल तर विचारून घ्या.

माळावरची_बाभूळ
धन्यवाद. आईला सांगते. ऐकेल असं नाही, पण भाऊ ऐकेल.

लॅबवाली_पनवेल
पावसाळा आहे म्हणून डेंगीचं. आमच्याकडे रोज कोणीतरी विचारतं, पपईच्या पानांचा रस देऊ का, प्लेटलेट किती वाढतील. काही छोट्या अभ्यासांत प्लेटलेट थोड्या लवकर वाढल्यासारख्या दिसल्यात. जीव वाचतो किंवा रक्तस्राव टळतो असं त्यातून सिद्ध झालेलं नाही. डेंगीत प्लेटलेट ठरावीक दिवसांनी आपोआप चढतातच, आणि श्रेय शेजारच्या पपईच्या झाडाला मिळतं.
मला त्या रसाची भीती वेगळी वाटते. तो इतका कडू असतो की पेशंट उलट्या करतो. मग घरच्यांना कळत नाही की उलट्या रसाने आहेत की आजार बिघडतोय. डेंगीत ताप उतरतो तेव्हाच खरा धोक्याचा काळ सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. ताप गेला म्हणून लोक निर्धास्त होतात. पोटात जोरात दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, नाका-हिरड्यातून रक्त, गुंगी, हातपाय गार, लघवी कमी: यातलं काही दिसलं की रस-बिस सोडा, ॲडमिट करा.
आणि डेंगीची शंका असेल तर तापाला फक्त पॅरासिटामोल. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नाही. पारिजातकताईंच्या सासूबाईंसारखे जे आधीच ॲस्पिरिनवर आहेत, त्यांनी ते चालू ठेवायचं की थांबवायचं हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. स्टेंटवाल्याने परस्पर बंद करणंही जिवावरचं आहे.

उसगावकर
इथे न्यू जर्सीत. भारतातून येताना प्रत्येक आई बॅगेत महासुदर्शन आणि सितोपलादी कोंबते. २००४ मध्ये बॉस्टन भागातल्या दुकानांतून घेतलेल्या दक्षिण आशियात बनलेल्या ७० औषधांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं, तेव्हापासून इथले डॉक्टर भारतीय चेहरा दिसला की खोदून विचारतात. राग येतो, पण विचारतात ते बरंच.
अवांतर: आमच्या ओळखीतल्या एकांची किडनी बदललीय, टॅक्रोलिमसवर (प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळीवर) आहेत. त्यांना हळदीचे डोस आणि मिरीचा अर्क असलेल्या कॅप्सूल कडक बंद. भाजी-आमटीतली हळद चालते.

आंबेहळद
एक भाबडा प्रश्न. हळद-दुधाने काही बिघडत नाही ना? दर तापात मुलाला रात्री देतेच. तो सध्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनवर आहे, होस्टेलवरून ताप घेऊन आलाय.

औषधवाला
हळदीने नाही, दुधाने बिघडतं! सिप्रोफ्लॉक्सॅसिन दुधातल्या कॅल्शियमला चिकटतं आणि रक्तात पुरेसं जातच नाही. गोळी घेऊन दोन तास तरी दूध-दही नको. आधी दूध घेतलं असेल तर आणखी मोठं अंतर लागतं. डॉक्सिसायक्लिनचंही थोडंफार तसंच. पावसाच्या पाण्यातून चालल्यावर लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस टाळायला) मुंबईत डॉक्सी देतात, आणि लोक ती "पोटाला लागू नये" म्हणून दुधाबरोबर घेतात. पेलाभर पाण्याबरोबर, काहीतरी खाऊन घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, अन्ननलिकेला चटका बसतो.

वैद्य_सातपुडा
याच्यात माझी भर. तापात गोदंती भस्म आणि प्रवाळ पिष्टी खूप वापरली जाते. गोदंती म्हणजे जिप्सम, प्रवाळ म्हणजे पोवळं, दोन्ही कॅल्शियमच. दुधाला लागू तेच यांनाही लागू. मी स्वतः रुग्णाला अँटिबायोटिक कोणतं चालू आहे ते विचारल्याशिवाय देत नाही, आणि दिलं तर वेळा लिहून देतो.
किराईताबद्दलही काकांना: तुमचं घरचं किराईत कोणतं? कोकणात ओलं किराईत मिळतं तो कालमेघ, आणि दुकानात काडेचिराईत मिळतं ती हिमालयातली वेगळी वनस्पती. दोन्ही कडूजहर, पण कालमेघ बीपी उतरवतो आणि रक्त गोठण्यावरही परिणाम करतो. डॉक्टरला सांगताना कोणतं ते सांगा, जमलं तर काडी दाखवा.

खाजणातला_काका
ओलंच. परसातलं. बीपीची गोळी आहे मला, सकाळी उठल्यावर घेरी येते अधूनमधून. पण ती वयाने.

वैद्य_सातपुडा
काका, रोज पिता की तापापुरतं?

खाजणातला_काका
पावसाळाभर रोज, अनशापोटी. गोळी पण त्याच वेळी.

वैद्य_सातपुडा
मग किराईत थांबवा, सध्या दोन आठवडे. गोळी थांबवू नका. रोज बीपी बसून आणि लगेच उभं राहून, असं दोनदा मोजून लिहा आणि तो कागद तुमच्या डॉक्टरांना दाखवा. घेरी वयाने आहे की नाही ते त्यावरून कळेल. पडलात तर खुब्याचं हाड जातं.

खाजणातला_काका
बघू.

चिऊची_आई
लहान मुलांबद्दल कोणी लिहील का?

लॅबवाली_पनवेल
थोडक्यात लिहिते. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप म्हणजे थेट डॉक्टर, घुटी-काढा काही नाही. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही. कापूर पोटात गेला तर फिट येऊ शकते, तेव्हा कापराची पुरचुंडी बाळाच्या हाताला लागेल अशी बांधू नका. निमेसुलाइड बारा वर्षांखाली भारतात २०११ पासून बंद आहे, जुनी बाटली घरात असेल तर टाका.

चिऊची_आई
आणि मी गरोदर आहे, खोकल्याला अडुळसा चालेल का?

वैद्य_सातपुडा
नको. अडुळशातल्या व्हॅसिसिनने गर्भाशय आकुंचन पावतं. (त्याच व्हॅसिसिनवरून खोकल्याचं ब्रोमहेक्झिन तयार झालंय, त्यामुळे ते सिरपही मनाने घेऊ नका.) मिठाच्या गुळण्या, वाफ, आणि तुमच्या डॉक्टरांना फोन.

पारिजातक
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आज सासूबाईंना घेऊन परत गेले आणि काढ्याचं साहित्य पिशवीत घालूनच नेलं. डॉक्टर हसले, मग एकेक कांडी काढून बघितली. ज्येष्ठमध बंद, महासुदर्शन बंद, गुळवेल बंद. तुळस, गवती चहा, आल्याचा छोटा तुकडा चालेल. पोटॅशियम तपासायला सांगितलंय. आणि तापात जेवण निम्म्यावर आलं तर ग्लिमेपिराइड घ्यायच्या आधी फोन करायचा, हे फाइलवर लिहून दिलंय.
सासूबाई म्हणतात ज्येष्ठमध नाही तर काढा कोण पिणार. म्हणजे सुटलाच.
एक राहिलं. असा त्रास झाला तर तो कुठे कळवता येतो का?

औषधवाला
येतो. औषधांच्या दुष्परिणामांची राष्ट्रीय नोंद होते, टोल फ्री १८००-१८०-३०२४. रुग्ण स्वतः कळवू शकतो. वनौषधीही सोबत घेतली होती हे सांगायला विसरू नका. आयुर्वेदिक औषधांची वेगळी नोंदही आयुष मंत्रालयाच्या केंद्रांत होते, जवळच्या आयुर्वेद महाविद्यालयात विचारा.

सायली_डोंबिवली
माझा शेवटचा प्रश्न, मग धागा सोडते. मी थायरॉइडची गोळी पहाटे घेते, आणि ताप-पित्तासाठी प्रवाळ पिष्टी लगेच त्याच्या मागे. वरच्या हिशोबाने हेही चुकतंय का?

औषधवाला
हो. थायरॉक्सिन आणि कॅल्शियम यांत चार तास अंतर हवं. गोळी पहाटे, प्रवाळ दुपारी जेवणानंतर. लोहभस्म किंवा रक्तवाढीची गोळी असेल तर तिलाही हाच नियम. सहा आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करा, आणि रिपोर्ट दाखवताना वेळ बदलल्याचं डॉक्टरांना सांगा, नाहीतर ते डोस कशाच्या आधारावर ठरवणार?